रंगभूमीवरून पडद्यावर : पेगी ॲशक्रॉफ्ट



नटाची कीर्ति ही मोठी नाशवंत वस्तु आहे. चित्रकाराचें चित्र मागें राहतें, ग्रंथकाराचा ग्रंथ राहतो, गवयाचा आवाजहि तबकडीवर धरून ठेवतां येतो. परंतु रंगभूमीवर उभ्या राहणाऱ्या नटाचें काम पडदा पडतांच संपतें. ज्यांनीं तें पाहिलें त्यांच्या स्मरणांत तें कांहीं वर्षें नांदतें, आणि तीं माणसें गेलीं म्हणजे तेंहि त्यांच्याबरोबर जातें. बोलपटाचा शोध लागल्यावर ही अडचण कायमची दूर झाली, असें आपण समजून चालतों. डेम पेगी ॲशक्रॉफ्ट ह्या इंग्रज अभिनेत्रीचें चरित्र पाहिलें म्हणजे ती समजूत कितपत खरी आहे, असा प्रश्न पडतो.

ह्या बाई १९०७ सालीं जन्मल्या आणि १९९१ सालीं वारल्या. १९२६ पासून १९८२ पर्यंत, म्हणजे छपन्न वर्षें, त्या रंगभूमीवर होत्या. बोलपटाची आणि त्यांची कारकीर्द जवळजवळ एकाच वेळीं सुरू झाली. असें असूनहि आज जगांतील बहुतेक प्रेक्षकांना त्या ठाऊक आहेत त्या पांढऱ्या केसांच्या वृद्ध बाई म्हणून. कारण पडद्यानें त्यांना मनापासून जवळ केलें तें पंचाहत्तरीच्या घरांत. लंडनच्या ज्या पिढीनें त्यांना ज्यूलिएट म्हणून पाहिलें, त्या पिढीच्या मनांतली मूर्ति आणि ही मूर्ति ह्या दोन निराळ्या स्त्रियांच्या वाटाव्या. ज्या दोन भूमिकांनीं त्यांना जगापुढें आणलें, त्या दोन्ही आपल्या देशांत घडणाऱ्या कथांतल्या आहेत, ही त्यांतली आपल्याला विशेष वाटणारी गोष्ट.

लंडनजवळच्या क्रॉयडन गांवीं त्यांचा जन्म झाला. वडील जमीनजुमल्याचे व्यवस्थापक. ते पहिल्या महायुद्धांत कामास आले. आईला नाटकांची हौस होती. सोळाव्या वर्षीं मुलगी एल्सी फोगर्टी ह्या बाईंच्या नाट्यशिक्षणसंस्थेंत दाखल झाली. ही संस्था त्या वेळीं लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्यें भरत असे. फोगर्टीबाईंचा सारा भर सुस्वर, शुद्ध उच्चारावर. पेगीबाईंना तो एकांगी वाटे, आणि त्यांनीं आपला गुरु पुस्तकांत शोधला. रशियन नाट्याचार्य स्टानिस्लाव्हस्की ह्यांचें आत्मचरित्र त्यांच्या हातीं पडलें, आणि भूमिका आंतून उमलली पाहिजे, शिवाय नाटक हें एका नटाचें नसून साऱ्या मंडळीचें असतें, ह्या दोन गोष्टी त्यांच्या मनांत जन्माच्या ठसल्या. त्याच संस्थेंत लॉरेन्स ऑलिव्हिए हे त्यांचे सहाध्यायी होते. १९२६ सालीं बर्मिंगहॅम येथें बॅरीच्या 'डियर ब्रूटस' नाटकांत त्यांनीं पहिली धंदेवाईक भूमिका केली. सोबतीला राल्फ रिचर्ड्सन होते. ह्या एकाच पिढींतून इंग्लंडला किती मोठे नट मिळाले हें पाहिलें म्हणजे नवल वाटतें.

त्यांचें नांव झालें तें १९३० सालीं, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहांत, 'ऑथेल्लो' नाटकांत. हें नाटक आपल्याकडे देवलांच्या 'झुंझारराव'मुळें परिचित आहे. ऑथेल्लोची भूमिका पॉल रोब्सन ह्या अमेरिकन निग्रो गायक-नटाकडे होती. रोब्सनचे वडील गुलामगिरींतून पळून सुटलेले गृहस्थ. गोऱ्या डेस्डिमोनेला काळ्या नटानें रंगभूमीवर कवटाळावें, हें त्या काळच्या पुष्कळ लोकांना सहन होण्यासारखें नव्हतें. बावीस वर्षांच्या पेगीबाईंना शिवीगाळीचीं पत्रें आलीं. नाट्यगृहाला लागूनच त्याच नांवाचें प्रशस्त हॉटेल आहे. तेथें मात्र नाटकाच्या नायकाला मोकळेपणीं वावरतां येत नव्हतें. नाटकांत जो वर्णद्वेष लिहिलेला आहे तोच दारांतून बाहेर पडतांच समोर उभा, अशी ही स्थिति होती. पुढें आयुष्यभर अन्यायाविरुद्धच्या अनेक चळवळींत ह्या बाई दिसतात, त्याचें मूळ ह्या नाटकांत आहे, असें त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून वाटतें.

ह्यानंतर वॉटर्लू भागांतील ओल्ड व्हिक. हें गरीब वस्तींतलें नाट्यगृह लिलियन बेलिस नांवाची एक विलक्षण काटकसरी आणि विलक्षण ध्येयवेडी बाई चालवीत असे. कामकरी वर्गाला स्वस्त दरांत शेक्सपिअर दाखविणें हा तिचा ध्यास. १९३२-३३ च्या एका हंगामांत पेगीबाईंनीं येथें दहा भूमिका केल्या. एक नाटक रात्रीं चालूं असतां दुसऱ्याची तालीम दिवसां करावयाची, ही रोजची रीत. इतकी कसून मेहनत पुढें क्वचितच कोणाला करावी लागली असेल.

आतां १९३५ हें वर्ष जरा बारकाईनें पाहूं. कारण ह्या एका वर्षांत त्यांच्या दोन्ही वाटा शेजारीं शेजारीं दिसतात. ऑक्टोबरांत लंडनच्या न्यू थिएटरांत 'रोमिओ आणि ज्यूलिएट' लागलें. दिग्दर्शक जॉन गिलगुड. गिलगुड आणि ऑलिव्हिए ह्या दोघांनीं रोमिओ आणि मर्क्युशिओ ह्या भूमिका आळीपाळीनें केल्या. एक काव्याचा भक्त, दुसरा रक्तामांसाचा. दाईच्या भूमिकेंत एडिथ इव्हान्स. ह्या साऱ्यांच्या मधोमध ज्यूलिएट मात्र एकच, पेगीबाई. प्रयोग झाले एकशें श्याऐंशी; त्या नाटकाचा त्या काळापर्यंतचा हा उच्चांक. त्यांची ज्यूलिएट पाहणाऱ्यांनीं जें लिहून ठेवलें त्यांत एक गोष्ट वारंवार येते, ती ही कीं, ती काव्य म्हणते आहे असें वाटतच नसे. तेरा वर्षांची मुलगी तें त्याच क्षणीं प्रथम बोलते आहे असें वाटे. हें आपण आतां केवळ त्यांच्या शब्दावर मानावयाचें. त्या एकशें श्याऐंशी रात्रींपैकीं एकहि आपल्या हातीं नाहीं.

त्याच वर्षीं हिचकॉकचा 'दि थर्टीनाइन स्टेप्स' हा बोलपट निघाला. त्यांत पेगीबाई कांहीं मिनिटेंच दिसतात. स्कॉटलंडच्या उजाड माळरानावरचें एक झोपडें. म्हाताऱ्या, संशयी, देवभोळ्या शेतकऱ्याची तरुण बायको. खुनाच्या खोट्या आरोपामुळें पळत असलेला नायक रात्रीपुरता आसरा मागतो. ती मूळची शहरांतली. ती त्याला दिव्यांच्या रोषणाईविषयीं, तिकडच्या बायकांच्या नट्ट्यापट्ट्याविषयीं हळूंच विचारते. एवढ्यावरून तिचा सारा कोंडलेला जन्म आपल्याला कळतो. पोलीस येतात तेव्हां ती नवऱ्याचा कोट त्याच्या अंगावर चढवून त्याला मागच्या दारानें वाटेला लावते. पुढें त्या कोटाच्या खिशांतल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकांत गोळी अडते आणि नायक वांचतो. बिचारीच्या वांट्याला मात्र नवऱ्याचा मार येतो, आणि चित्रपट तिला तेथेंच सोडून पुढें धांवतो. पण तें झोपडें, ती मिणमिणती मेणबत्ती आणि तें भुकेलें तोंड मनांतून जात नाहीं. माझ्या मतें त्या बोलपटांत इतकें खरें दुसरें कांहीं नाहीं.

मग अशा अभिनेत्रीला चित्रपटवाल्यांनीं पुनः पुनः कां बोलावलें नाहीं? एक कारण त्यांच्या बाजूचें. त्यांना त्या धंद्याची ओढ नव्हती. त्यांचा जीव कायम स्वरूपाच्या नाट्यमंडळींत. १९३७-३८ सालीं गिलगुड ह्यांनीं क्वीन्स थिएटरांत अशी मंडळी उभी केली, तींत त्या होत्या. तेथेंच मिशेल सां-देनी ह्यांच्या दिग्दर्शनाखालीं चेकॉव्हचें 'तीन बहिणी' झालें. दुसरें कारण त्या धंद्याच्या बाजूचें. त्याला नाटक हवें असतें, नाटकांतली नटी हवी असतेच असें नाहीं. १९४७ सालीं 'एडवर्ड, माय सन' नाटकांत दारूच्या आहारीं जाणारी पत्नी त्यांनीं उभी केली. १९४९ सालीं चित्रपट झाला तेव्हां ती भूमिका डेबोरा कर हिच्याकडे गेली. १९५२ सालीं टेरेन्स रॅटिगनच्या 'दि डीप ब्लू सी' मध्यें त्या हेस्टर झाल्या. प्रतिष्ठित न्यायाधीशाची बायको, एका उनाड वैमानिकाच्या नादीं लागून घर सोडते. पडदा उघडतो तेव्हां ती गॅसच्या शेगडीपुढें पडलेली आहे, आणि गॅसच्या यंत्रांत नाणें टाकावयाचें राहिलें म्हणूनच केवळ जिवंत आहे. ही भूमिका लंडनमध्यें गाजली. १९५५ च्या चित्रपटांत हेस्टर होती व्हिव्हिअन ली. पुढें १९५६ सालीं 'दि चॉक गार्डन' मध्यें त्यांनीं मिस् मॅड्रिगल केली. १९६४ सालीं चित्रपटांत ती पुन्हां डेबोरा करकडेच! त्या नाटकांतल्या एडिथ इव्हान्सना मात्र त्यांची भूमिका पडद्यावरहि मिळाली.

डेबोरा कर आणि व्हिव्हिअन ली ह्या सामान्य नट्या होत्या असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. पण पडद्यावर जें राहिलें तेंच पुढच्या पिढीला मूळ वाटूं लागतें. मूळ कोठें होतें हें नाट्यगृहाच्या जुन्या जाहिरातपत्रकांवरूनच शोधावें लागतें.

१९५६ सालीं त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. १९६० नंतर पीटर हॉल ह्यांनीं स्ट्रॅटफर्डच्या मंडळीची पुनर्घटना करून रॉयल शेक्सपिअर कंपनी स्थापिली, आणि आयुष्यभर जिचें स्वप्न पाहिलें ती कायमची मंडळी बाईंना अखेर मिळाली. तेथें १९६३ सालीं 'गुलाबांचें युद्ध' ह्या नांवाखालीं 'सहावा हेन्री'चे तीन भाग आणि 'तिसरा रिचर्ड' मिळून तीन नाटकें करण्यांत आलीं. त्यांत राणी मार्गारेट ही कोवळ्या फ्रेंच राजकन्येपासून सुरू होऊन अखेर वेडीपिशी, शापवाणी उच्चारणारी म्हातारी होते. पंचावन्न वर्षांच्या बाईनें विशीची मुलगी व्हावें आणि त्याच फेऱ्यांत सत्तरीची थेरडी व्हावें! बी.बी.सी.नें हीं नाटकें चित्रित करून १९६५ सालीं दूरचित्रवाणीवर दाखविलीं, म्हणून एवढें तरी वांचलें.

येथें आपल्या नभोवाणीच्या दृष्टीनें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हॅरल्ड पिंटर ह्यांची 'लँडस्केप' ही छोटी नाटिका. एका स्वयंपाकघरांत नवरा-बायको बसलीं आहेत. ती समुद्रकांठच्या जुन्या प्रेमाविषयीं हळुवार बोलते, तो कुत्र्याविषयीं, पावसाविषयीं, बिअरविषयीं बोलतो. एकाचें दुसऱ्याला ऐकूं जात नाहीं. त्या काळीं इंग्लंडांत नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीं लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीची संमति लागे. कचेरीनें कांहीं ग्राम्य शब्द गाळावयास सांगितले, पिंटरनीं नकार दिला. पण नभोवाणीवर त्या कचेरीची सत्ता चालत नव्हती! म्हणून एप्रिल १९६८ मध्यें ती नाटिका प्रथम बी.बी.सी.वरून ध्वनिक्षेपित झाली. बायकोचा आवाज पेगीबाईंचा, नवऱ्याचा एरिक पोर्टर ह्यांचा. त्याच वर्षीं नवा कायदा होऊन ही नाट्यपरीक्षणाची पद्धतिच बंद झाली, आणि १९६९ सालीं बाईंनीं तीच भूमिका रंगभूमीवर केली. चेहरा नाहीं, वेष नाहीं, हालचाल नाहीं, फक्त आवाज. फोगर्टीबाईंचें जें शिक्षण त्यांनीं नाकारलें होतें तें अशा वेळीं कितपत उपयोगीं पडलें असेल, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

१९७५ मध्यें त्यांनीं सॅम्युअल बेकेटच्या 'हॅपी डेज' मधली विनी केली. ही विनी पहिल्या अंकांत कमरेपर्यंत आणि दुसऱ्यांत गळ्यापर्यंत मातींत पुरलेली असते, आणि तरीहि आनंदानें बडबडत असते. रंगभूमीवरची त्यांची शेवटची भूमिका १९८१-८२ सालच्या 'ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल' मधील रूसियोंच्या वृद्ध सरदारपत्नीची.

ह्यापुढें त्या भारतांत येतात.

पॉल स्कॉट ह्यांच्या चार कादंबऱ्यांवरून ग्रॅनडा कंपनीनें 'दि ज्युवेल इन दि क्राउन' ही चौदा भागांची मालिका केली. ती १९८४ सालीं दाखविली गेली. काळ १९४२ ते १९४७, इंग्रजी राज्याचा अस्त. तींत बार्बी बॅचलर ही मिशनच्या शाळांतून निवृत्त झालेली वृद्ध कुमारिका. पानकोट ह्या कल्पित गिरिस्थानीं एका वृद्ध लष्करी विधवेच्या बंगल्यांत तिला सोबत म्हणून जागा मिळते. ती विधवा मरतांच घरच्या लोकांना बार्बी नकोशी होते. ती गरीब घरची, तिला बोलण्याचें भान नाहीं, आणि तिच्याजवळ जुन्या मिशनच्या वस्तूंनीं भरलेली एक जड ट्रंक आहे. "ट्रंक घेऊन जा," एवढाच काय तो तिच्याशीं संबंध उरतो. भर पावसांत ती ट्रंक टांग्यावर लादून बाई उतारावरून निघते, आणि त्या वजनानेंच टांगा उलटतो.

मी स्वतः शाळामास्तर. पस्तीसएक वर्षें मुलांना शिकवून घरीं बसलों आहें. म्हणूनच असेल, पण बार्बीची बडबड ऐकतांना माझ्या पोटांत कालवाकालव होते. आयुष्यभर वर्गापुढें बोलण्याची संवय असलेल्या माणसाला कोणी ऐकेनासें झालें म्हणजे तो अधिकच बोलूं लागतो. हें नाटककाराला ठाऊक असणें वेगळें आणि नटीनें तें करून दाखविणें वेगळें. पेगीबाई बार्बीची कींव करीत नाहींत. ती कंटाळवाणी आहे, हें त्या लपवीत नाहींत. वाक्य अर्ध्यावर टाकून समोरच्याचें तोंड न्याहाळणें, आणि तेथें कंटाळा दिसतांच घाईनें दुसरा विषय काढणें, हें त्या इतक्या सहज करतात कीं प्रेक्षकालाहि एकदां वाटतें, ही बाई आतां पुरे करील तर बरें! आणि मग अपघातानंतर ती खरोखरीच बोलणें सोडते, तेव्हां आपल्याला आपल्या त्या वाटण्याची शरम वाटते. रुग्णालयाच्या खिडकींतून तिला पारशी लोकांचे शांततेचे मनोरे दिसतात. मूळ कादंबरीचें नांवच त्यावरून पडलें आहे. ह्या भूमिकेसाठीं ब्रिटिश अकादमीनें त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक दिलें.

त्याच १९८४ सालीं डेव्हिड लीन ह्यांचा 'अ पॅसेज टु इंडिया' प्रदर्शित झाला. ई. एम. फॉर्स्टर ह्यांची मूळ कादंबरी १९२४ ची. फॉर्स्टर हे १९२१ सालीं थोरल्या देवासच्या मराठी संस्थानांत महाराजांचे चिटणीस होते, आणि तेथल्या गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनीं कादंबरींत उतरविला आहे. त्यांतले प्राध्यापक गोडबोले हे दक्षिणी ब्राह्मण. चित्रपटांत ही भूमिका ॲलेक गिनेस ह्यांच्याकडे दिली आहे. गिनेस हे मोठे नट. १९३७-३८ च्या त्या मंडळींत ते पेगीबाईंचे सहकारीहि होते. पण आपल्यापैकीं कोणाच्याहि घरीं येणारा गोडबोले त्या सोंगांत ओळखूं येणार नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

पेगीबाईंच्या मिसेस् मूरविषयीं मात्र अशी तक्रार करतां येत नाहीं. मशिदींत रात्रीं डॉक्टर अझीझ एका गोऱ्या बाईला पाहून रागावतो, आणि आपण पादत्राणें बाहेर काढूनच आलों आहों, असें ती सांगतांच ओशाळतो. अझीझ झाले आहेत व्हिक्टर बॅनर्जी. हा प्रवेश अगदीं साधा आहे. त्यांत पेगीबाई ऐकण्यापलीकडे फारसें कांहीं करीत नाहींत. पण पन्नास वर्षें चांगल्या मंडळींत काम केलेला नटच असें ऐकूं शकतो. समोरचा बोलतो आहे तोंवर त्यांचें तोंड आपली पाळी येण्याची वाट पाहत नाहीं. पुढें मराबारच्या गुहेंतला प्रतिध्वनि कानीं पडल्यावर मिसेस् मूरचा जीवनावरचा विश्वासच उडतो. ह्या बाईला पुष्कळ वाचक साध्वी समजतात, आणि चित्रपटहि त्या बाजूला झुकतो. पेगीबाईंनीं तिला साध्वी होऊं दिलें नाहीं. ती थकलेली, चिडचिडी, मुलाच्या वागण्याला विटलेली म्हातारी आहे. तिचा चांगुलपणा हा त्या चिडचिडेपणासकटचा आहे, आणि म्हणूनच खरा वाटतो. परतीच्या प्रवासांत बोटीवरच तिचा अंत होतो.

बार्बी आणि मिसेस् मूर ह्या दोघी राज्यकर्त्यांच्या जातीच्या, दोघी श्रद्धाळू, दोघींची श्रद्धा ह्या देशांत ढासळते आणि दोघी अखेर मुक्या होतात. एकाच वयांत, एकाच नटीनें, एकाच वर्षीं पडद्यावर आणलेल्या. तरी एकीची आठवण दुसरीच्या वेळीं होत नाहीं. एकीचें मौन पराभवाचें आहे, दुसरीचें तिरस्काराचें.

मार्च १९८५ मध्यें ह्या भूमिकेबद्दल बाईंना ऑस्कर पारितोषिक जाहीर झालें. वय सत्त्याहत्तर, साहाय्यक अभिनेत्रीचें पारितोषिक इतक्या वयांत मिळालेली दुसरी कोणी नाहीं. त्या समारंभाला गेल्या नव्हत्या. त्यांच्या वतीनें अँजेला लॅन्सबरी ह्यांनीं तें स्वीकारलें.

त्यानंतरहि त्या स्वस्थ बसल्या नाहींत. १९८८ च्या 'मॅडम सुझाट्स्का' मध्यें त्यांनीं लेडी एमिली ह्या वृद्ध घरमालकिणीची भूमिका केली. त्याच चित्रपटांत आपल्या शबाना आझमी आहेत. १९८९ सालीं पीटर हॉल ह्यांच्याच दिग्दर्शनाखालीं 'शीज बीन अवे' मध्यें त्या लिलियन झाल्या. मुलीच्या वयांत घरच्यांना न जुमानल्यामुळें वेड्यांच्या इस्पितळांत टाकलेली, आणि साठ वर्षांनीं बाहेर येणारी ही स्त्री फारच थोडें बोलते. ह्या भूमिकेसाठीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्यांना आणि त्यांच्या सहअभिनेत्री जेराल्डीन जेम्स ह्यांना मिळून उत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक देण्यांत आलें. १४ जून १९९१ रोजीं लंडनमध्यें त्यांचा अंत झाला. क्रॉयडनमध्यें १९६२ सालीं उघडलेल्या नाट्यगृहाला त्यांच्या हयातींतच त्यांचें नांव दिलें गेलें होतें.

ज्यांच्या घरीं जुने चित्रपट पाहण्याची सोय आहे त्यांनीं १९३५ मधलें तें स्कॉटलंडचें झोपडें आणि १९८४ मधली ती रात्रीची मशीद असे दोन प्रवेश एकापाठोपाठ लावून पाहावे. मध्यें एकोणपन्नास वर्षें गेलीं आहेत. दोन्हीकडे एक परका पुरुष अवेळीं भेटतो, आणि बाई मान किंचित् कलती करून त्याचें ऐकत राहते.